फाशांवर तोललेले देव

वाघाचे डोके, अंगात उंची झगा, हाती पाइप आणि चेहऱ्यावर एखाद्या सुखवस्तू जमीनदाराचा निवांतपणा. अमेरिकेत १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ या पुस्तकात ‘राक्षस’ या नोंदीशेजारी छापलेले चित्र हे असे आहे. राक्षस मूळचा भारतातला, तो मायावी आहे, नरमांस खातो, समोरच्याच्या मनातले ओळखतो आणि त्याला आवडेल ते रूप घेतो, असे ती नोंद सांगते. इथवर फारसे बिघडलेले नाही. सुवर्णमृग झालेला मारीच आपल्याला ठाऊक आहेच. पण पुढे एक विलक्षण तपशील येतो. हा राक्षस सहजासहजी मरत नाही, मात्र क्रॉसबो या यांत्रिक धनुष्याचा मंत्रून पवित्र केलेला बाण लागला की तत्काळ प्राण सोडतो. रामायणात, महाभारतात किंवा कोणत्याही पुराणात असा बाण सापडणार नाही. तो सापडतो ‘कोलचॅक : द नाइट स्टॉकर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेच्या १९७४ मधील एका भागात. त्या भागातला राक्षसही बळीच्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन येतो आणि अशाच बाणाने मरतो.

हे पुस्तक ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळासाठी लिहिले गेले होते. नंतरच्या चित्रकारांनी या राक्षसाचे तळवे उलटे केले. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीतही सज्जनाच्या हातच्या जादूई, टोकदार शस्त्राची भीती त्याला उरलेलीच आहे. म्हणजे एका मालिकेतला बाण चाळीस वर्षे टिकला. आणि वेदपठण करणारा रावण, रामाला शरण जाणारा बिभीषण, पांडवांसाठी प्राण देणारा घटोत्कच हे मात्र त्या नोंदीत कधी शिरू शकले नाहीत. जगभरातल्या लक्षावधी तरुणांना ‘राक्षस’ हा शब्द प्रथम भेटला तो अशा रूपात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून बाजारात आला. यात पट असलाच पाहिजे असे नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि यश-अपयशाचा निवाडा फाशांवर होतो. फासेही नेहमीचे नव्हेत. वीस पैलूंचा फासा ही तर या खेळाची ओळखच झाली आहे. प्रत्येक पात्राची शक्ती, बुद्धी, चापल्य अंकांत मोजलेले असते. ‘हिट पॉइंट’ म्हणजे किती घाव सोसता येतील याचा आकडा. तो शून्यावर आला की पात्र कोसळते. या प्रकाराला पुढे ‘रोल प्लेइंग गेम’ म्हणजे भूमिका-खेळ असे नाव मिळाले आणि संगणकावरील खेळांची एक मोठी शाखा त्यातूनच फुटली.

अशा खेळाला रोज नवे जग, नवे शत्रू आणि नव्या कथा लागतात. त्यांचा तयार साठा पुराणकथांत होता आणि तो फुकटही होता. बॅबिलोनच्या सृष्टिकथेत मार्डुक ज्या आद्य सागरमातेला ठार करून तिच्या देहातून आकाश आणि पृथ्वी घडवतो, ती तिआमात येथे पाच रंगांच्या पाच मुंडक्यांची दुष्ट ड्रॅगन-राणी झाली. अरबी विश्वकल्पनेत पृथ्वीचा भार वाहणारा बहामूत हा अजस्र मासा प्लॅटिनमच्या खवल्यांचा सद्गुणी ड्रॅगन झाला. दोघांचे मूळ कथांत काही नाते नाही; खेळात ते हाडवैरी आहेत.

१९७६ साली ‘गॉड्स, डेमी-गॉड्स अँड हीरोज’ या पुरवणीने देवांनाच आकडे दिले. तिच्या प्रास्ताविकात या उपद्व्यापाचे कारण सांगितले आहे आणि ते मोठे गमतीचे आहे. ढिल्या सूत्रधारांच्या हाताखाली काही खेळाडूंची पात्रे अवाच्या सवा बलाढ्य झाली होती. त्यांना आरसा दाखवायला खुद्द ओडिनला तीनशे हिट पॉइंट देण्यात आले, की बाबांनो, देवाचे बळ एवढे असेल तर तुमच्या त्या महावीराला कोणी गंभीरपणे का घ्यावे? परिणाम व्हायचा तो उलटाच झाला. ज्याला आकडा आहे त्याला शून्यावर आणता येते, हे खेळाडूंना फार लवकर उमगले. देव ही पराभूत करण्याच्या यादीतली शेवटची पायरी ठरली. १९८० साली त्या पुरवणीची जागा ‘डीटीज अँड डेमीगॉड्स’ या भरघोस ग्रंथाने घेतली. ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन, केल्टिक, फिनिश, सुमेरियन, चिनी, जपानी, अमेरिकेतील आदिवासी आणि भारतीय असे देवगण त्यात ओळीने उभे आहेत. झ्यूसच्या नावापुढे चारशे हिट पॉइंट आहेत. भारतीय प्रकरणात इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, लक्ष्मी, काली अशी मंडळी हजर आहेत, प्रत्येकाच्या चिलखताचा आणि हल्ल्याचा हिशेब मांडून.

याच ग्रंथात एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथांतील थुल्हू आणि मायकेल मूरकॉक यांच्या मेल्निबोने या काल्पनिक जगातील देवता यांचीही प्रकरणे होती. ही दोन्ही विश्वे खेळात वापरण्याचा परवाना केऑसियम या दुसऱ्या कंपनीकडे असल्याने प्रश्न उभा राहिला आणि पुढच्या मुद्रणांतून ती प्रकरणे वगळण्यात आली. विसाव्या शतकातील लेखकाने कल्पिलेल्या देवासाठी कोणाची तरी परवानगी लागत होती. विष्णूसाठी ती कोणाकडे मागायची हा प्रश्नच उद्भवला नाही.

आकड्यांपेक्षाही अडचणीचा होता तो नैतिक रकाना. या खेळात प्रत्येक प्राणी नऊ चौकटींपैकी एकीत बसवावा लागतो. एका अंगाला सुष्ट, तटस्थ आणि दुष्ट; दुसऱ्या अंगाला नियमबद्ध, तटस्थ आणि स्वैर. ही कल्पना पुराणांतली नव्हे, ती पोल अँडरसन आणि मूरकॉक यांच्या अद्भुत कादंबऱ्यांतून आलेली आहे. तिच्यात काली दुष्टांच्या रकान्यात पडली. ज्या बंगालमध्ये भाविक तिला ‘मा’ म्हणून हाक मारतात, तेथील कोणालाही ही नोंद कळणार नाही. पण दोष केवळ अज्ञानाचा मानला तर तो अन्याय होईल. हा रकानाच अशा देवतांसाठी घडलेला नाही. जेजुरीच्या खंडोबाची कथा घ्या. मणी आणि मल्ल हे दोघे दैत्य बंधू. हरल्यावर मणीने आपला घोडा देवाला दिला, देवळात आपल्यालाही स्थान असावे असा वर मागितला आणि तो मिळाला. मल्लाची अवस्था वेगळी झाली. त्याचे मस्तक पायरीशी आले. हे दोघे सख्खे भाऊ, दोघेही दैत्य, पण एकाला आजही नमस्कार पोचतो. नऊ चौकटींच्या तक्त्यात मणीला कुठे लिहायचे?

आणखी एक गोष्ट बारकाईने पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही. या खेळाने देव जगभरातून आणले खरे, पण त्यांचा पुजारी एकाच साच्यातला ठेवला. ‘क्लेरिक’ नावाचे पात्र चिलखत घालते आणि हाती गदा धरते, कारण जुन्या नियमांनुसार त्याला धारदार शस्त्र वर्ज्य आहे. ही कल्पना हेस्टिंग्जच्या १०६६ मधील लढाईत लढलेल्या बिशप ओडोकडे जाते. बाय्यूच्या प्रसिद्ध भरतकामपटावर तो हातात सोटा घेतलेला दिसतो; त्यावरून धर्मगुरूने रक्त सांडू नये म्हणून तलवार टाळली, अशी दंतकथा रूढ झाली. या पात्राचे मंत्रही पाहावेत. काठ्यांचे साप करणे, पाणी दुभंगणे, टोळधाड आणणे, मेलेल्याला उठवणे. सारे बायबलमधले. तेव्हा झ्यूसचा किंवा इंद्राचा पुजारी म्हणून टेबलावर जो बसतो, तो मुळात मध्ययुगीन ख्रिस्ती पाद्रीच असतो. त्यातही तो आयुष्यभरासाठी एकच देव निवडतो. प्राचीन अथेन्सचा नागरिक समुद्रप्रवासाआधी पोसायडनला, आजारपणात अस्क्लेपिअसला आणि घरच्या चुलीपाशी हेस्टियाला भजत असे. आपल्याकडे कुलदैवत वेगळे, ग्रामदैवत वेगळे, इष्टदैवत आणखी वेगळे. आणि यात कोणालाही विसंगती वाटत नाही. खेळाने अनेक देव घेतले, पण अनेक देवांचा धर्म घेतला नाही.

विरोधाभास असा की, याच खेळावर १९८० च्या दशकात अमेरिकेतील कडव्या ख्रिस्ती गटांनी सैतानपूजेचा आळ घेतला. पॅट्रिशिया पुलिंग यांनी १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटना उभारली, दूरचित्रवाणीवर चर्चा झडल्या. कंपनीनेही नमते घेतले. १९८५ मध्ये देवांच्या ग्रंथाचे नाव बदलून ‘लेजंड्स अँड लोअर’ असे सौम्य करण्यात आले आणि १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ‘डेमन’ व ‘डेव्हिल’ हे शब्दही हद्दपार झाले. पोरांना मूर्तिपूजक धर्माची दीक्षा मिळते आहे, अशी ती ओरड होती. प्रत्यक्षात त्या धर्मांचा गाभा खेळात जवळजवळ नव्हताच.

तो गाभा खेळात आणण्याचा खरा प्रयत्न दुसऱ्याच माणसाने केला. केऑसियमचे संस्थापक ग्रेग स्टॅफर्ड हे स्वत: शमन परंपरेचे साधक होते. १९७८ साली त्यांच्या कंपनीने ‘रूनक्वेस्ट’ हा भूमिका-खेळ काढला. स्टॅफर्ड यांनी अनेक वर्षांपासून मनाशी रचलेल्या ग्लोरँथा या विश्वात तो घडतो. यातले देव कुठूनही उचललेले नाहीत. मात्र त्यांच्याशी माणसाचे जे नाते आहे ते खऱ्या प्राचीन धर्मांच्या अभ्यासातून आलेले आहे. येथे धर्म हा पुजाऱ्याचा पेशा नव्हे. शेतकरी, गुराखी, लढवय्या, प्रत्येकाचे कोणत्या ना कोणत्या देवपंथाशी नाते असते. पंथात आधी साधा भक्त, मग दीक्षित, मग अधिकारी अशा पायऱ्या आहेत. देवाकडून सामर्थ्य हवे असेल तर खेळाडूला आपल्या आत्मबळाच्या आकड्यातला एक गुण कायमचा अर्पण करावा लागतो. रोमन लोकांच्या यज्ञामागे ‘मी देतो, म्हणजे तू देशील’ हे सूत्र होते असे अभ्यासक सांगतात; ज्या समाजाला नवस ठाऊक आहे त्याला ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एका आकड्याच्या वजाबाकीतून स्टॅफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच साधले.

ग्लोरँथाची मुख्य कथा थोडक्यात अशी. वादळदेव ऑर्लँथ सूर्यसम्राट येल्मला ठार करतो. जग अंधारात बुडते, सारे काही मोडू लागते. अखेर ऑर्लँथ सोबत्यांसह पाताळात उतरतो, आपल्या कृत्याची जबाबदारी पत्करतो आणि सूर्याला परत आणतो. ही कथा कोण सांगतो यावर तिचा अर्थ बदलतो. वादळाच्या भक्तांसाठी ऑर्लँथ मुक्तिदाता आहे, सूर्याच्या भक्तांसाठी बंडखोर खुनी. खेळाच्या पुस्तकांत दोन्ही बाजू आपापल्या शब्दांत येतात आणि कोणती खरी याचा निकाल लेखक देत नाही. ज्याने एकच कथा वाल्मीकींकडून, जैन रामायणांतून आणि गावच्या कीर्तनकाराकडून वेगवेगळी ऐकली आहे, त्याला पुराणकथा अशीच असते हे माहीत असते.

स्टॅफर्ड यांची सर्वांत मोठी देणगी म्हणजे ‘हीरोक्वेस्ट’. गावावर संकट आले की भक्त विधी करतात आणि आपल्या देवाची एखादी कथा स्वत: जगतात, देवाने जे केले ते करत ते देवकाळात शिरतात. कथा नीट पार पडली तर गावाला वरदान मिळते. चुकली तर नुकसानही गावाचेच. कथेला नवे वळण देण्याचे धाडसही करता येते, पण त्याची किंमत जबर असते. मिर्चा एलियाडे आणि जोसेफ कँपबेल यांच्या विचारांची छाया यावर स्पष्ट आहे. १९९९ साली याच विश्वावर आधारलेला ‘किंग ऑफ ड्रॅगन पास’ हा संगणकावरचा खेळ आला. त्यात टोळीचा प्रमुख या नात्याने खेळाडूला देवांना गुरे अर्पण करावी लागतात आणि विधीच्या वेळी देवाने पुढे काय केले होते ते आठवून पर्याय निवडावा लागतो. कथा मुखोद्गत नसेल तर विधी फसतो. पुराणकथा पाठ असणे ही जगण्याची गरज वाटावी, असा अनुभव देणारे खेळ फार थोडे आहेत. स्टॅफर्ड २०१८ मध्ये निवर्तले.

केऑसियमच्या खात्यावर आणखी एक नोंद आहे. आयझॅक बोनेविट्स हे अमेरिकेतील नव-मूर्तिपूजक चळवळीतले ठळक नाव. बर्कली येथील विद्यापीठातून १९७० साली त्यांनी चक्क ‘जादू’ या विषयातली पदवी मिळवली होती आणि पुढे १९८३ मध्ये ड्रुइड परंपरेचा पंथही स्थापन केला. त्यांनी १९७८ मध्ये या कंपनीसाठी ‘ऑथेंटिक थॉमॅटर्जी’ हे पुस्तक लिहिले. खेळातली जादू सुसंगत कशी करावी, यावर एका साधकाने खेळकर्त्यांना केलेले ते मार्गदर्शन होते. ज्यांचा धर्म वापरला जात होता त्यांच्यापैकी कोणी टेबलाच्या या बाजूला बसल्याचे असे उदाहरण त्या काळात दुर्मीळच.

अर्थात, केवळ ज्ञान असले म्हणजे सारे भागते असे नाही. मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवणारे आणि उर्दूचे जाणकार एम. ए. आर. बार्कर यांनी १९७५ मध्ये ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळातून टेकुमेल हे विश्व उभे केले. भारत, मध्यपूर्व आणि मेसोअमेरिका यांच्या संस्कृतींचे रंग त्यात मिसळले आहेत. स्वतंत्र भाषा, लिपी, देवळे, पंथ, सारे काही तपशीलवार आहे. त्याच बार्कर यांनी टोपणनावाने १९९१ साली नाझी विचारांची कादंबरी प्रसिद्ध केली होती, हे त्यांच्या मृत्यूनंतर, २०२२ मध्ये, त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेलाच जाहीरपणे मान्य करावे लागले.

दरम्यान ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने वादाच्या वाटेवरून हळूच अंग काढून घेतले. २००२ साली ‘डीटीज अँड डेमीगॉड्स’ पुन्हा निघाले तेव्हा त्यात खऱ्या जगातले फक्त ग्रीक, इजिप्शियन आणि नॉर्स देवगण उरले होते. २०१४ च्या आवृत्तीत त्यांच्या जोडीला केल्टिक देव आले. भारतीय, चिनी आणि जपानी देव दिसत नाहीत. जिवंत धर्मांना हात लावायचा नाही, मेलेल्यांचे काय ते वापरायचे, अशी ही विभागणी दिसते. पण मेलेला धर्म कोणता? आइसलँडमध्ये जुन्या नॉर्स देवतांच्या उपासकांची संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. ग्रीसमध्ये प्राचीन देवतांच्या उपासकांना २०१७ साली अधिकृत धर्माचा दर्जा मिळाला. ओडिनपुढे हात जोडणारी माणसे आज आहेत. त्यांची संख्या लहान आहे, इतकाच काय तो फरक.

संगणकावरील खेळांनी एवढाही विचार केला नाही. जपानच्या ‘फायनल फँटसी’ मालिकेत १९९० पासून ‘शिवा’ आहे. ती हिमवर्षाव करणारी एक निळसर तरुणी आहे. कैलासावरून थेट बर्फाशी संबंध जोडला गेला असावा, एवढाच तर्क करता येतो. ‘स्माइट’ या खेळात तर खेळाडू स्वत:च देव होऊन इतर देवांशी लढतो. हा रूढ अर्थाने भूमिका-खेळ नव्हे. तरीही २०१२ मध्ये त्याची चाचणी सुरू असताना अमेरिकेतील हिंदू कार्यकर्ते राजन झेद यांनी त्याला आक्षेप घेतला तो येथे महत्त्वाचा आहे. कालीचे तोकड्या वस्त्रांतले चित्रण हा आक्षेपाचा एक भाग. दुसरा असा की, भक्त ज्याच्यापुढे नमतो त्याला खेळाडूने बोटाच्या इशाऱ्यावर नाचवावे हेच अनुचित. कंपनीने हिंदू देवता खेळात कायम ठेवल्या. त्यांत येशू किंवा पैगंबर यांना मात्र तिने कधी उतरवले नाही, याकडेही अनेकांनी बोट दाखवले.

पहिला आक्षेप समजण्यासारखा आहे. दुसरा आपल्याच परंपरेपुढे टिकत नाही. देवाची भूमिका माणसाने करणे आपल्याला नवे नाही. कोकणातल्या दशावतारी खेळात रात्रभर विष्णू रंगमंचावर वावरतो. काशीजवळच्या रामनगरच्या रामलीलेत राम-लक्ष्मण झालेल्या मुलांची आरती होते. फरक आहे तो चौकटीचा. दशावतारात आरंभी गणपतीला वंदन होते, नटालाही ठाऊक असते की आपण काय अंगावर घेतले आहे, आणि विष्णूला किती घाव सोसतील याचा आकडा कोणाच्याही खिशात नसतो.

पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या कंपनीचा ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ हा २०२० साली आलेला खेळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तोही भूमिका-खेळापेक्षा साहस-खेळच. पण त्याच्या कर्त्यांनी हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला. खेळाडूच्या हाती देव नाही. हाती आहे ती राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी, असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधणारी. देवी तिला त्रिशूळ देते, बळ देते. लढावे मात्र तिलाच लागते. दुर्गा आणि विष्णू निवेदक म्हणून वरून पाहतात, जुन्या कथा सांगतात आणि या पोरीला हे झेपेल काय यावर आपसांत वाद घालतात. त्यांच्या नावापुढे कोणताही आकडा नाही.